बॉनेटखालचं नळ्यांचं जाळं

टर्बो म्हटलं की आपल्यातला कुणीही कॉम्प्रेसर मॅप, इंटरकूलर आणि बूस्ट यावर तासभर बोलू शकतो. पण त्याच टर्बोच्या आजूबाजूने पेन्सिलीएवढ्या जाड, काळ्या रबरी नळ्या फिरत असतात. त्यांच्याबद्दल व्हायवात कुणी विचारत नाही आणि पुस्तकात त्या आकृतीच्या कोपऱ्यात एका तुटक रेषेने दाखवून संपवलेल्या असतात. गॅरेजमध्ये मात्र 'गाडीचा पिकअप गेला' किंवा 'ब्रेक कडक झाला' अशी तक्रार आली की जाणता मिस्त्री आधी याच नळ्या चाचपतो. म्हणून हा लेखप्रपंच.

विषय आपल्या घरचाच आहे. २००२ साली स्कॉर्पिओ बाजारात आली ती नाशिकच्या महिंद्रा कारखान्यातून. २०२० ची नवी थार, डिझेल आणि पेट्रोल दोन्ही टर्बो इंजिनांसह, इथेच तयार होऊ लागली. इगतपुरीला तर इंजिनांचाच कारखाना. सातपूर-अंबडच्या एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणारे लघुउद्योग किती, ते आपण इंडस्ट्रियल व्हिजिटला पाहतोच. तेव्हा टर्बो डिझेल गाडीचं बॉनेट उघडून पाहायला आपल्याला लांब जावं लागत नाही.

सुरुवात मुळापासून करू. पेट्रोल इंजिनात थ्रॉटल बंद असताना मॅनिफोल्डमध्ये आपोआप व्हॅक्यूम तयार होतो. डिझेलमध्ये हवा अडवून ताकद कमी-जास्त करत नाहीत, त्यामुळे तिथे फुकटचा व्हॅक्यूम मिळत नाही. त्यासाठी वेगळा पंप लागतो. आपल्याकडच्या बऱ्याच डिझेल गाड्यांत तो अल्टरनेटरच्या पाठीवर बसवलेला असतो, काहींत कॅमशाफ्टच्या टोकाला. त्याला वंगण म्हणून इंजिन ऑइलच मिळतं. ही ऑइलची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

या पंपाचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे ब्रेक बूस्टर. दुसरं, ईजीआर व्हॉल्व्ह. तिसरं, व्हेरिएबल जॉमेट्री टर्बो, म्हणजे व्हीजीटी, असेल तर त्याचा अ‍ॅक्च्युएटर. या दोघांना व्हॅक्यूम थेट मिळत नाही. मध्ये विजेवर चालणारा छोटा मॉड्युलेटर व्हॉल्व्ह असतो आणि ईसीयू त्याला किती उघडायचं ते सांगतो.

आता ज्यांच्या घरी द्राक्षबाग आहे त्यांना हे चित्र एका मिनिटात समजेल. पिंपळगाव, दिंडोरी, निफाडकडे ठिबक नसलेला मळा शोधावा लागेल. मोटर, मेन लाइन, सबमेन, मग ओळीओळीच्या लॅटरल. एका ओळीची नळी उंदराने कुरतडली तर पाणी तिथेच वाहून जातं आणि बोंब मात्र शेवटच्या ओळीतल्या वेलींची होते. बॉनेटखालीही हेच, फक्त उलट्या दिशेने. इथे भोकातून काही बाहेर येत नाही, हवा आत शिरते. ठिबकची गळती निदान ओली जमीन दाखवते. व्हॅक्यूमची गळती काहीच दाखवत नाही, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

आता कसारा घाटाचं उदाहरण घेऊ. इगतपुरीकडून खाली उतरताना ट्रकमागे गाडी रांगते आहे. इंजिन जवळजवळ आयडलला, म्हणजे पंपही संथ. पाय मात्र दर दहा सेकंदांनी ब्रेकवर. प्रत्येक दाबाला बूस्टरमधला थोडा व्हॅक्यूम खर्च होतो आणि पंपाने तो भरून काढायचा असतो. अशा वेळी ईजीआरकडे जाणारी चार मिलिमीटरची नळी टोकाशी चिरलेली असेल तर? पंप जेवढी हवा ओढतो त्यातली बरीचशी त्या चिरेतून येते. बूस्टरच्या तोंडाशी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असतो, त्यामुळे आधीचा साठा लगेच जात नाही. पहिले दोन-तीन ब्रेक ठणठणीत लागतात. मग पेडल कडक होत जातं. सपाट रस्त्यावर, गंगापूर रोडला फेरफटका मारताना, हा दोष कधीच समोर येत नाही. नळी ईजीआरची, तक्रार ब्रेकची, आणि तीही फक्त घाटात!

किती कडक, याचा ठोकळ हिशोब करू. नऊ इंच व्यासाच्या डायफ्रामचं क्षेत्रफळ सुमारे ४१० चौरस सेंटिमीटर. ५०० मिलिमीटर पारा एवढा व्हॅक्यूम म्हणजे साधारण ६७ किलोपास्कल. गुणाकार केला तर २७०० न्यूटनच्या वर, म्हणजे जवळपास २८० किलो वजनाइतकी मदत तुमच्या पायाला मिळते. व्हॅक्यूम निम्मा झाला की ही मदतही निम्मी, उरलेला जोर पायाने लावायचा. ब्रेक 'फेल' झालेले नसतात, पण घाबरलेल्या ड्रायव्हरला तो फरक कोण समजावणार?

टर्बोच्या बाजूला गंमत वेगळी आहे. व्हॅक्यूमवर चालणाऱ्या व्हीजीटीत बहुधा अशी रचना असते की व्हॅक्यूम मिळाला की रॉड ओढला जातो, पाती मिटतात आणि कमी आरपीएमलाही बूस्ट मिळतो. नळी निसटली की स्प्रिंग पाती उघडी ठेवते. गाडी धावते, पण खालच्या आरपीएमला जीव नाही. जुन्या, साध्या वेस्टगेटवाल्या टर्बोत याच्या बरोब्बर उलटं. तिथे कॉम्प्रेसरच्या अंगावरून निघालेली नळी दाब घेऊन वेस्टगेटच्या अ‍ॅक्च्युएटरकडे जाते. ती निसटली तर वेस्टगेट उघडतच नाही आणि बूस्ट हाताबाहेर जातो. दोन्ही नळ्या दिसायला सारख्याच काळ्या, सारख्याच बारीक. एक ओढते, एक ढकलते. म्हणून 'ही नळी कुठे जाते' एवढा प्रश्न पुरत नाही, 'हिच्यात काय असतं' हेही विचारायला हवं. (इलेक्ट्रिक अ‍ॅक्च्युएटरमुळे यातल्या काही नळ्या आता जात चालल्या आहेत. महिंद्राने २०१८ च्या एक्सयूव्ही ५०० मध्ये इलेक्ट्रॉनिक व्हीजीटी आणला. पण रस्त्यावर फिरणाऱ्या जुन्या गाड्या अजून कितीतरी वर्षं गॅरेजला येणारच.)

आता मांडणीकडे वळू. सर्वांत महत्त्वाचं काम कात्री आणि पान्याआधीचं आहे: कागदावर नकाशा काढा. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या गाड्यांना बॉनेटखाली व्हॅक्यूम नळ्यांचा नकाशा चिकटवलेला असायचा. उत्सर्जनाच्या नियमांमुळे तो आला, पण मेकॅनिकला देवासारखा पावला. आपल्याकडे तो सहसा सापडत नाही. मोबाइलवर फोटो काढणं चांगलंच, पण फोटोत नळी दुसऱ्या नळीमागे गेली की पुढे काय झालं ते कळत नाही. त्यामुळे वहीतली आकृतीच खरी. पंप, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, टी, मॉड्युलेटर, अ‍ॅक्च्युएटर, प्रत्येकाचा एक चौकोन. दाबाच्या नळीला एक रंग, व्हॅक्यूमच्या नळीला दुसरा. जगात या गुंत्याचा बादशहा म्हणजे माझदाची तिसऱ्या पिढीची आरएक्स-७. दोन टर्बो एकामागून एक कामाला लावण्यासाठी तिच्यात सोलेनॉइड आणि नळ्यांचं असं जंगल होतं की मालक मंडळी त्याला उंदराचं घरटंच म्हणत. तिथेही सुटका करून घेणाऱ्यांची सुरुवात नकाशापासूनच होते.

नकाशा झाला की माझ्या मते एकच नियम कडक पाळावा. पंपापासून बूस्टरपर्यंतची जाड नळी हा राजरस्ता. तो शक्य तितका आखूड, सरळ आणि जोडविरहित ठेवायचा. टर्बो-ईजीआरची बारीक शाखा कंपनीने जिथून काढली आहे तिथूनच निघू द्यायची. नवीन गेज किंवा काही शोभेचं लावायचं म्हणून राजरस्त्यावर टी मारायची नाही, मग तो टी कितीही चकचकीत पितळी असो. बारीक शाखेत कधीकधी एवढंसं भोक असलेली प्लास्टिकची किंवा पितळेची गोळी सापडते. 'कचरा अडकला' म्हणून ती काढून फेकू नका. तो रेस्ट्रिक्टर आहे. शाखेत गळती झाली तरी तिचा भार मुख्य लाइनवर कमी यावा, किंवा अ‍ॅक्च्युएटर धडधडू नये, म्हणून तो मुद्दाम बसवलेला असतो. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवरचा बाणही नकाशात काढून ठेवा. तोंडाने फुंकून दिशा कळते, पण आधी नळी पुसा, आत ऑइल असतं.

नळ्या बांधताना तीन शत्रू: उष्णता, घासणं आणि इंजिनचं डोलणं. पहिल्या दोघांचं सगळ्यांना माहीत असतं. टर्बो आणि एक्झॉस्टपासून लांब, इंजिनच्या थंड बाजूने. पत्र्याच्या कडेवरून जायचंच असेल तर ग्रोमेट किंवा जाड स्लीव्ह. तिसऱ्याचा विसर पडतो. रबरी माउंटिंगवर बसलेलं इंजिन अ‍ॅक्सिलरेटर दाबताच एका बाजूला कलतं. बूस्टर मात्र बॉडीवर स्थिर. या दोघांमधली नळी ताणून, देखणी, फूटपट्टीसारखी सरळ बसवली तर काही महिन्यांत टोकाशी चिरते. तिथे थोडा झोल ठेवायचाच. इंजिनवरच्या इंजिनवर जाणाऱ्या नळ्या इंजिनलाच बांधा, बॉडीवरच्या बॉडीला, आणि ओलांडणी एकाच ठिकाणी, सैल. प्लास्टिकचा टाय नळीच्या कमरेला आवळू नका. नळी हाताने फिरवली तर आत सरकली पाहिजे. आणि नळी मध्येच खाली लोंबू देऊ नका, त्या खोलगट भागात ऑइल साचतं.

नळीचं रबर निवडताना रंगाला भुलू नये. निळ्या-लाल सिलिकॉन नळ्या उष्णता छान सोसतात, पण ऑइलमध्ये सिलिकॉन फुगतं आणि मऊ पडतं. साधं ईपीडीएम रबरही ऑइलला कच्चंच. डिझेलच्या व्हॅक्यूम लाइनमध्ये पंपाचं ऑइल थोडंफार येतंच, हे वर सांगितलं होतं. तिथे ऑइल सोसणारी, व्हॅक्यूमसाठी म्हणून विकली जाणारी नळीच हवी. पातळ भिंतीची नळी आणखी एक दगा देते. दाबाला ती फुगलेली तरी दिसते, व्हॅक्यूमला आतल्या आत चपटी होते, विशेषतः वळणावर. बाहेरून नळी जागेवर, क्लिप जागेवर, आणि आत रस्ता बंद! अ‍ॅक्च्युएटरची नळी उगाच लांबवूही नये. जेवढी नळी लांब तेवढी आतली हवा जास्त, आणि तेवढा ईसीयूचा हुकूम उशिरा पोहोचतो.

पेट्रोल टर्बोबद्दल थोडक्यात. तिथे एकाच मॅनिफोल्डमध्ये आयडलला व्हॅक्यूम आणि पाय दाबला की दाब असतो. त्यामुळे प्रत्येक टोकाला क्लिप हवीच. व्हॅक्यूम नळीला आत ओढून धरतो, बूस्ट तीच नळी उडवून देतो. बूस्टरच्या वाटेवरचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह इथे दुहेरी जबाबदारी घेतो, व्हॅक्यूम राखायचा आणि बूस्टला आत येऊ द्यायचं नाही. हौशी मंडळी बूस्ट गेज लावताना मॅप सेन्सरच्या नळीवर टी मारतात. गेजची नळी डॅशबोर्डकडे जाताना कुठे चिरली की ईसीयूला चुकीचा दाब कळतो आणि मिश्रण बिघडतं. सेन्सरची नळी कुणाशीही वाटून घेऊ नये.

शेवटी तपासणी. हाताने चालवायचा व्हॅक्यूम पंप आणि गेज मिळाला तर अ‍ॅक्च्युएटरची नळी सोडून ५०० मिलिमीटरपर्यंत ओढा आणि मिनिटभर काट्याकडे पाहा. काटा घसरला तर डायफ्राम किंवा नळी फुटकी. पंपाचा आकडा मोजताना एक नाशिककर हिशोब करावा लागतो. समुद्रसपाटीला हवेचा दाब ७६० मिलिमीटर, आपण सुमारे ६०० मीटर उंचीवर, म्हणून इथे तो ७१० च्या आसपास. मुंबईत ७०० दाखवणारा निरोगी पंप इथे ६५० दाखवेल. तेवढ्यावरून पंप बदलायला सांगणाऱ्याला हा गुणाकार-भागाकार करून दाखवा.

गेज नसेल तर बूस्टरसाठी पाय पुरतो. इंजिन बंद करून ब्रेक चार-पाच वेळा दाबा, पेडल कडक होईल. तसंच दाबून धरून इंजिन सुरू करा. पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. मग एखादा मिनिट चालवून इंजिन बंद करा, पाच मिनिटं थांबा आणि पुन्हा दाबा. पहिला दाब मऊ लागला तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्हने साठा राखला आहे. दगडासारखा लागला तर तो व्हॉल्व्ह किंवा बूस्टर हवा सोडतो आहे. शाखांमधली गळती मात्र या चाचणीत निसटू शकते. त्यासाठी इंजिन आयडलला ठेवून पेडल भराभर आठ-दहा वेळा दाबा आणि बाजूच्याला टर्बो-ईजीआरची शाखा टी-जवळ पक्कडीने हलकेच चिमटायला सांगा. चिमटल्यावर पेडल लवकर सावरत असेल तर दोष त्या शाखेत. मग तिथून पुढे एकेक फूट सरकत जायचं, हात फॅनपासून आणि टर्बोपासून लांब ठेवून.