घटक ६ : उद्गार, श्रोता आणि संदर्भ

६.१ प्रास्ताविक

केवलप्रयोगी अव्ययांचा अभ्यास करताना आपण पाहिले, की ‘वा!’, ‘अरेरे!’, ‘शाबास!’ यांसारखे उद्गार वाक्याचे घटक नसतात. वाक्याबाहेर राहून ते बोलणाऱ्याची भावना व्यक्त करतात. ही व्याख्या योग्यच आहे. परंतु जो शब्द वाक्याच्या बाहेर आहे, तो नियमांच्याही बाहेर असतो काय? या प्रश्नाचे उत्तर मला वर्गात नव्हे, तर स्पेनमधील एका मैफलीत मिळाले.

६.२ रसिकांचे मंडळ

फ्लामेन्को ही दक्षिण स्पेनमधील आंदालुसिया प्रदेशात घडलेली कला. गायन, नृत्य आणि गिटारवादन ही तिची प्रमुख अंगे होत. युनेस्कोने २०१० साली मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत तिचा समावेश केला. तेथील रसिक ‘पेन्या’ नावाची मंडळे चालवतात. ग्रानादा शहरातील ‘ला प्लातेरिया’ हे असेच एक जुने मंडळ १९४९ साली स्थापन झाले. एका लहानशा पेन्यामध्ये सभासदांसोबत बसून गिटारवादन ऐकण्याची संधी मला काही वर्षांपूर्वी मिळाली.

६.३ चुकलेली दाद

वादकाने ‘सोलेआ’ हा प्रकार सुरू केला. त्याचे आवर्तन बारा मात्रांचे असून आघात तिसऱ्या, सहाव्या, आठव्या, दहाव्या आणि बाराव्या मात्रेवर येतात. गिटारवरील स्वरवाक्याला ‘फाल्सेता’ म्हणतात. फाल्सेता संपताच शेजारचे रसिक हलकेच ‘ओले’ म्हणत. मलाही राहवले नाही. मी मोठ्याने ‘ओले’ म्हटले आणि ते एकटेच पडले. इतरांची दाद केव्हाच देऊन झाली होती. वादक पुढच्या फाल्सेताकडे वळला होता.

कोणी रागावले नाही, पण मी ओशाळलो. शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी काही न बोलता टेबलावर बोटाने मात्रा मोजायला सुरुवात केली आणि दहाव्या मात्रेवर ठोका जरा जोरात दिला. तेव्हा माझी चूक उमगली. हिंदुस्थानी संगीतावर पोसलेला माझा कान पहिल्या मात्रेवरच्या समेची वाट पाहत होता. सोलेआचे वाक्य मात्र बहुधा दहाव्या मात्रेवरच विसावते. त्यानंतर मी मुकाट्याने मोजत राहिलो. मैफल संपत आली, तेव्हा माझे एक ‘ओले’ सर्वांच्या आवाजात मिसळले. गृहस्थांनी मान डोलावली.

६.४ विवेचन

श्रोत्यांच्या अशा उद्गारांना फ्लामेन्कोमध्ये ‘हालेओ’ अशी संज्ञा आहे. रोमान याकोबसन यांनी १९६० साली मांडलेल्या भाषिक कार्यांच्या वर्गीकरणाचा आधार घेतल्यास, हालेओ एकाच वेळी दोन कार्ये करतो : तो भावना प्रकट करतो आणि वादकाशी संपर्क राखतो. माझ्या पहिल्या ‘ओले’त भावना खरी होती, संपर्क मात्र तुटलेला होता. शब्द तोच आणि उच्चारही तोच, तरी चुकीच्या जागी तो निव्वळ आवाज ठरला.

मराठीतही असेच घडते. गायक समेवर आल्यावर निघालेला ‘वा!’ ही दाद असते. उशिरा आलेल्या माणसाला उद्देशून म्हटलेला ‘वा!’ हा उपरोध होतो. म्हणजे उद्गाराला वाक्यात स्थान नसले, तरी संभाषणात त्याला नेमके स्थान असते. ते स्थान जाणणाऱ्यांचाच भाषिक समूह बनतो. त्या समूहात जन्माला आले पाहिजे असे नाही. मात्र पुष्कळ वेळ गप्प बसून ऐकावे लागते.

आपल्यापैकी अनेक जण दिवसभराचे काम आटोपून एकट्यानेच हे पुस्तक उघडतात. कोणताही शब्द न उच्चारता केलेले हे श्रवण-वाचन म्हणजे केवळ वाट पाहणे नव्हे. टेबलावरच्या त्या बोटाबरोबर मात्रा मोजण्यासारखेच ते आहे.

६.५ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. उद्गार वाक्याबाहेर असूनही नियमबद्ध असतो, हे सोदाहरण स्पष्ट करा.
२. आपल्या परिसरातील कीर्तन, भजन किंवा तमाशा ऐकताना श्रोते कोणते उद्गार केव्हा काढतात, याची नोंद करा.
३. ‘अरेरे!’ हा उद्गार सहानुभूती आणि उपहास अशा दोन्ही अर्थांनी येईल असे दोन प्रसंग लिहा.