दोन दिवसांचा पाहुणा

(एखादा प्राणी आवडला, की तो आपल्या घरी असावा असे वाटते. पण प्रत्येक प्राणी घरात सुखी राहतो का? या पाठात एका विद्यार्थ्याला हा प्रश्न पडला आहे.)

जून महिना होता. शाळा नुकतीच सुरू झाली होती. नवीन पनवेल हे सिडकोने वसवलेले शहर. येथे इमारती वाढल्या, तरी रेल्वे रुळांच्या कडेला आणि गाढी नदीच्या काठाला अजून झाडेझुडपे आहेत. त्या झुडपांत मुंगसे राहतात. सकाळी झटकन रस्ता ओलांडणारे मुंगूस तुम्हीही पाहिले असेल.

एके दिवशी आठवीतला एक विद्यार्थी बुटांचा खोका घेऊन वर्गात आला. खोक्यात मुंगसाचे इवलेसे पिल्लू होते.

"सर, इमारतीच्या पायासाठी खोदलेल्या खड्ड्यात हे सापडले. दोन दिवस माझ्याकडे आहे. अम्मी म्हणते, देऊन टाक. पण मला ते पाळायचे आहे. परदेशात लोक असाच प्राणी घरात पाळतात. त्याला शिकवतातसुद्धा. मी मोबाइलवर पाहिले आहे."

"तू पाहिलास तो फेरेट," मी म्हणालो आणि फळ्यावर दोन शब्द लिहिले : फेरेट, मुंगूस.

"दोघेही लांबट अंगाचे, आखूड पायांचे आणि मांस खाणारे. पण त्यांचे कूळ वेगळे. फेरेटला युरोपातील लोक दोन हजार वर्षांपासून पाळत आले आहेत. बिळातले ससे बाहेर काढण्यासाठी ते त्याला बिळात सोडत. पिढ्यान्‌पिढ्या माणसाजवळ राहून तो कुत्र्यामांजरासारखा पाळीव झाला."

"त्याला शिकवतात कसे, सर?" एकाने विचारले.

"धीराने. फेरेट दिवसातले चौदा ते अठरा तास झोपतो. उठला, की एखाद्या कोपऱ्यात घाण करतो. म्हणून त्या कोपऱ्यात रद्दी कागद घालून पसरट भांडे ठेवतात. त्याने भांडे वापरले, की लगेच मांसाचा लहानसा तुकडा देतात. हळूहळू त्याला सवय लागते. खेळताना तो चावला, तर खेळ थांबवतात, मारत नाहीत. मार खाल्लेला प्राणी घाबरतो आणि अधिकच चावतो. तो लहानशा भोकातूनही निसटतो, म्हणून घरातली सगळी भोके बुजवावी लागतात. शिवाय त्याला उकाडा सोसत नाही. पारा तिसाच्या वर गेला, की त्याच्या जिवाला धोका असतो."

"मग आपल्या पनवेलच्या मे महिन्यात त्याचे कसे होणार?" मागून आवाज आला. सगळे हसले.

खोकेवाला मुलगा मात्र हसला नाही. तो म्हणाला, "सर, मुंगूस तर इथलेच आहे. त्याला उकाड्याचा त्रास नाही. मग ते का पाळायचे नाही?"

प्रश्न योग्य होता. मी म्हणालो, "माणसाळलेला प्राणी आणि पाळीव प्राणी यांत फरक आहे. पूर्वी आपल्याकडे लोक मुंगूस बाळगत. पंचतंत्रातली बाळाला सापापासून वाचवणाऱ्या मुंगसाची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. पण ते रानातून आणलेले पिल्लू असे. ते हाताला ओळखते, पण मोठे झाले, की माती उकरायला, शिकार करायला रान मागते. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मुंगूस पकडणे, पाळणे व विकणे गुन्हा आहे."

"एवढ्याशा प्राण्यासाठी कायदा?"

"हो. ते उंदीर, साप, किडे खाते. नागाच्या विषाचा त्याच्यावर इतर प्राण्यांपेक्षा पुष्कळ कमी परिणाम होतो. पण ते वाचते मुख्यतः चपळाईने. औषधी पाला खाऊन ते विष उतरवते, ही केवळ समजूत आहे. असा उपयोगी प्राणी माणूस मारतो, आणि कशासाठी? रंगकामाच्या ब्रशांना लागणाऱ्या केसांसाठी!"

वर्ग शांत झाला. मुलाने खोक्याचे झाकण हळूच लावले. "सर, ते माझ्या हातावर झोपते," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते.

मधल्या सुट्टीत आम्ही वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन केला. दुपारी एक वनकर्मचारी आले. त्यांनी पिल्लू अलगद उचलून पाहिले. "खाऊपिऊ घालून याला मोठे करू. स्वतः शिकार करू लागले, की रानात सोडू," ते म्हणाले.

"ते मला विसरेल का?" मुलाने विचारले.

"विसरायलाच हवे, बाळ. माणसाला न भिणारे मुंगूस रानात फार दिवस जगत नाही."

मुलाने रिकामा खोका उचलला आणि तो घरी गेला.

त्या आठवड्यात चित्रकलेच्या तासाला त्याने झुडपातून डोकावणारे मुंगूस काढले. रंग भरण्यापूर्वी त्याने हातातला ब्रश उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, "सर, हे केस नायलॉनचेच आहेत ना?"

शब्दार्थ
मुंगूस – नेवला
खोका – डबा
माणसाळणे – माणसाची सवय होणे
चपळाई – फुर्ती
समजूत – लोकांचा विश्वास
अलगद – हळुवारपणे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) पिल्लू कोठे सापडले?
(आ) युरोपात फेरेटचा उपयोग कशासाठी करत?
२. 'माणसाळलेला' आणि 'पाळीव' यांतील फरक उदाहरणे देऊन लिहा.
३. मुलाने ब्रशाबद्दल प्रश्न का विचारला?
४. तुमच्या घराजवळ दिसणाऱ्या एका रानटी प्राण्याविषयी किंवा पक्ष्याविषयी पाच वाक्ये लिहा.