'श्वास' नाव का?

एकदा बाईंनी फळ्यावर 'श्वास' हा शब्द लिहिला. त्या म्हणाल्या, "उर्दूत आपण याला 'साँस' म्हणतो. हे एका मराठी चित्रपटाचे नाव आहे." मग त्यांनी आम्हांला तो चित्रपट दाखवला.

संदीप सावंत यांनी दिग्दर्शित केलेला 'श्वास' २००४ साली प्रदर्शित झाला. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

परशुराम हा कोकणातला एक लहान मुलगा. त्याला नीट दिसत नाही, म्हणून आजोबा त्याला शहरातल्या इस्पितळात आणतात. त्याच्या डोळ्यांना कर्करोग झालेला असतो. शस्त्रक्रिया केली, तर जीव वाचेल; पण दृष्टी कायमची जाईल. हे त्या लहानग्याला सांगायचे कसे? आजोबांचा जीव तुटतो. शेवटी मुलाला खरे सांगितले जाते. शस्त्रक्रिया लांबते, तेव्हा आजोबा त्याला बाहेर नेतात आणि डोळे भरून शहर दाखवतात.

घरी आल्यावर मी दादाजानना विचारले, "गोष्ट डोळ्यांची आहे, मग नाव 'श्वास' का?"

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बेटा, त्या आजोबांना दोन्ही हवे होते, पण एकच वाचणार होते. त्यांनी काय वाचवले?"

"श्वास!" मी म्हणालो.

तेव्हापासून कोणताही चित्रपट पाहिला, की त्याचे नाव असे का ठेवले असेल, याचा मी विचार करतो.