घरी आणि प्रवासात : स्केचिंगसाठी एकच पिशवी

प्रश्न : शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएट दिल्या होत्या. नंतर चित्रकला सुटली ती सुटलीच. आता पुन्हा हात चालवावासा वाटतो. मी रोज मुलुंडहून लोकलने घाटकोपरला आणि तिथून मेट्रोने अंधेरीला जाते. घर दोन खोल्यांचं, चित्रांसाठी वेगळं टेबल नाही. घरीही चालेल आणि पर्समध्येही मावेल असं सामान कोणतं घ्यावं? आणखी एक कुतूहल आहे. एका पेनाच्या रेघेवर ओला ब्रश फिरवला की रेघ पसरते, दुसऱ्या पेनाची मात्र जागची हलत नाही. असं का होतं?
– एक वाचक, मुलुंड (पूर्व)

उत्तर : घरासाठी एक आणि प्रवासासाठी दुसरा असे दोन संच मुळीच करू नका. एकच लहान संच करा आणि घरीही तोच वापरा. जे सामान काढायला, मांडायला आणि आवरायला वेळ लागतो, ते लहान घरात कपाटातच राहतं. शिवाय रोज तोच ब्रश आणि तेच बारा रंग हाताळले की कोणता रंग किती पाण्यात किती फिका होतो, हे हाताला कळू लागतं. मग बाहेर गेल्यावर सगळं लक्ष समोरच्या दृश्याकडे राहतं.

या संचात सहा वस्तू पुरतात : तळहाताहून थोडी मोठी, जाड पुठ्ठ्याची वही, एक २बी पेन्सिल, पक्क्या शाईचं एक पेन, बारा वड्यांची जलरंगाची पेटी, टोक नीट जुळणारा मध्यम आकाराचा एक गोल ब्रश, आणि औषधाच्या रिकाम्या बाटलीत पाणी, सोबत जुन्या सुती कापडाचा तुकडा. वाऱ्याने पानं उडू नयेत म्हणून वहीला एक बाइंडर क्लिप लावा.

पैसे खर्च करायचे असतील तर आधी कागदावर करा. झेरॉक्सचा कागद ७५-८० जीएसएमचा असतो. त्याला पाणी लागलं की तंतू फुगतात, कागद वर येतो आणि खळग्यांत रंग साचतो. पेन्सिल-पेनासाठी आणि अगदी हलक्या रंगासाठी १५० जीएसएमच्या आसपासचा कार्ट्रिज कागद चालतो. मोकळ्या हाताने पाणी वापरायचं असेल तर ३०० जीएसएमचा जलरंगाचा कागद घ्या. साध्या रंगांतही चांगल्या कागदावर चित्र जमतं. पातळ कागदावर महागडे रंगही मातीमोल होतात.

रंगांचं म्हणाल, तर विद्यार्थ्यांच्या रंगपेटीपासून सुरुवात करायला काहीच हरकत नाही. आपल्याकडे शाळेतली पहिली रंगपेटी बहुधा कॅमलची असते. दांडेकर बंधूंनी १९३१ साली मुंबईत शाई बनवून सुरू केलेला हा उद्योग पुढे रंगांकडे वळला. रंगाची वडी वर्षभर कोरडी राहूनही ओल्या ब्रशाने पुन्हा जागी होते, ती डिंकामुळे. बाभळीच्या कुळातल्या झाडांचा हा डिंक रंगाचे कण धरून ठेवतो आणि पाण्यात पुन्हा विरघळतो. पोस्टर कलर प्रवासात नको. तो बाटलीतून सांडतो, आणि त्याचा दाट थर खालची पेनाची रेघ झाकून टाकतो.

आता तुमच्या कुतूहलाकडे वळतो. शाईचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. एकीत रंगद्रव्य पाण्यात पूर्ण विरघळलेलं असतं. रेघ वाळली तरी ते द्रव्य पाणी मिळताच पुन्हा विरघळतं आणि पाण्याबरोबर वाहतं. पायलटच्या व्ही-५ची शाई अशी आहे. दुसऱ्या प्रकारात रंगाचे अतिसूक्ष्म घन कण द्रवात तरंगत असतात. पाणी उडून गेलं की ते कण कागदाच्या तंतूंना चिकटून बसतात आणि पुन्हा विरघळत नाहीत. युनि पिनसारख्या फाइनलायनरची शाई या जातीची. तुमच्या साध्या बॉलपेनची शाई तेलकट, म्हणून तीही पाण्याने सहसा हलत नाही.

पसरणारी शाई वाईट, असं मात्र समजू नका. व्ही-५ने एखाद्याच्या खांद्याची कड काढा आणि ओल्या ब्रशाचं टोक रेघेच्या एकाच बाजूने फिरवा. काळी रेघ विरघळून करडी सावली उतरते. रंगपेटी न उघडता छायाप्रकाश मिळतो. रेघ जशीच्या तशी ठेवून वर रंग भरायचा असेल, तर पक्की शाई वापरा आणि रंगाआधी मिनिटभर वाळू द्या. जपायचं एवढंच, की बाटलीतली वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक फाउंटन पेनात भरू नका. ती आत वाळली की पेन कायमचं तुंबतं.

लोकलमध्ये पाणी आणि रंग बाजूला ठेवा. मुलुंडनंतर नाहूर, भांडुप, कांजूरमार्ग, विक्रोळी आणि मग घाटकोपर. दोन स्थानकांमधला वेळ एका हाताच्या स्केचला पुरतो. हँडल धरलेली मूठ, मनगटावर घसरलेल्या बांगड्या, मांडीवर घट्ट धरलेली पर्स, एवढंच काढा. खोडरबर काढूच नका. चुकलेल्या रेघेशेजारी दुसरी काढा. कोणाला अवघडल्यासारखं वाटतंय असं दिसलं, तर लगेच वही मिटा. रंग घरी भरा, आठवणीतून. परीक्षेतल्या स्मरणचित्राचा सराव इथे कामी येईल.

सुट्टीच्या दिवशी पूर्ण संच बाहेर काढा. अंधेरी पश्चिमेचा गिल्बर्ट हिल हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, जवळपास २०० फूट उंच काळा कडा आहे. त्याचे उभे खांब पेन्सिल आडवी धरून छान उतरतात. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून कान्हेरीला जा. तिसऱ्या लेण्यातल्या चैत्यगृहात बसून दाराकडून आत येणाऱ्या उजेडाचा अभ्यास करता येतो. उद्यान सोमवारी बंद असतं. रंगाचं पाणी लेण्यात किंवा पाण्याच्या टाक्यात ओतू नका. बाटलीत परत भरून घरी आणा.

पावसाळ्यात आपल्या उपनगरांत हवा इतकी दमट असते, की ओली रंगपेटी मिटली तर वड्यांवर बुरशी धरते. काम झालं की पेटी पंख्याखाली उघडी ठेवा आणि पूर्ण वाळल्यावरच मिटा. ब्रशही आडवा वाळवा, बंद डबीत ओला ठेवू नका.

विमानाने जाणार असाल तर कटर आणि ब्लेड केबिन बॅगेत चालत नाहीत. पेन्सिलीला घरूनच टोक करून घ्या. टर्पेंटाइन ज्वलनशील, ते विमानातही नको आणि रेल्वेतही नको. फाउंटन पेन असेल तर काठोकाठ भरलेलं किंवा पूर्ण रिकामं न्या आणि निब वर ठेवा. वर हवेचा दाब कमी झाला की पेनातली हवा प्रसरण पावते आणि शाई बाहेर ढकलते. पेनात हवाच कमी असेल तर गळण्याची भीती कमी.

सामान पुरेसं आहे का, अशी शंका येईल तेव्हा मारिओ मिरांडा आठवा. गोव्यातल्या या चित्रकाराने तरुणपणी रोजच्या डायऱ्यांत माणसं, गाव आणि घरातल्या घडामोडी रेखाटल्या. १९४९, १९५० आणि १९५१ या वर्षांच्या त्या डायऱ्या पुढे पुस्तकरूपाने आल्या. आपलं रोजचं जगणं रोज रेखाटत राहण्याची ती सवय होती.

तेव्हा या आठवड्यात वही आणि पेन एवढंच घ्या. ती वही अर्धी भरली की रंगपेटी घ्या. रोज एक पान काढा, खाली तारीख आणि जागा लिहा, आणि न जमलेलं पानसुद्धा फाडू नका.