लेकरांना घेऊन क्रूझला निघण्याआधी

कोन, ता. पनवेल, जि. रायगड

चि. राजू यास,


दिवाळीत मुंबई–गोवा क्रूझ करायची, दोन्ही मुलांना न्यायचे आणि तुझ्या आईबाबांना, म्हणजे आमच्या दादा-वहिनींनाही सोबत घ्यायचे, असा तुझा बेत कळला. धाकटा सात महिन्यांचा, थोरली अडीच वर्षांची. एवढ्या लहानांना न्यावे की नाही, हे तू विचारले आहेस. माझे मत आधी सांगते आणि कारणे मग देते. जरूर जा, पण या दिवाळीत नको. आणि जाशील तेव्हा ‘तेवढीच आम्हाला विश्रांती’ हे मनातून काढून टाकून जा. ही विश्रांतीची समजूतच सगळ्या गोंधळाचे मूळ आहे, असे मला वाटते.

जाहिरातीत जहाज जे देऊ करते ते खोटे नसते. स्वयंपाक दुसरे करतात, अंथरुणे दुसरे घालतात, संध्याकाळी गाणी-नाच असतात, सामान रोज बांधावे-सोडावे लागत नाही. तरण्याताठ्या जोडप्याला किंवा शाळकरी मुलांच्या आईबापांना यातून खरेच आराम मिळतो. पण तुमच्या घरातले सगळ्यात थकवणारे काम स्वयंपाकाचे नाही, मूल सांभाळण्याचे आहे, आणि नेमके तेच जहाज अंगावर घेत नाही. बहुतेक मोठ्या कंपन्या सहा महिन्यांखालचे बाळ जहाजावर घेतच नाहीत. लागोपाठ बरेच दिवस भर समुद्रात राहणाऱ्या सफरींना ही अट वर्षाची होते. मुलांच्या क्लबमध्ये सहसा तीन वर्षे पूर्ण झालेले, लंगोट सुटलेले मूलच घेतात. डिस्ने किंवा रॉयल कॅरिबियनच्या जहाजांवर सहा महिन्यांपुढच्या बाळांसाठी पाळणाघर असते, पण त्याचे तासावर पैसे पडतात आणि जागा थोड्या असतात. पोहण्याच्या तलावात डायपर घातलेले मूल, मग तो पाण्यात घालायचा खास डायपर का असेना, पुष्कळ जहाजांवर उतरवू देत नाहीत. म्हणजे ज्या क्लबची आणि तलावाची चित्रे बघून तू भुललास, ती दोन्ही दारे तुझ्या दोन्ही मुलांना आज बंद आहेत. तान्ह्या मुलांसाठी जहाज सहसा माणसे देत नाही. ती आपणच बरोबर न्यावी लागतात, आणि कोण किती वेळ मूल घेणार हे घरीच ठरवून न्यावी लागतात.

यावर तू म्हणशील, आपल्या पणज्या-आज्या तान्ही मुले घेऊन बोटीनेच तर कोकणात जात होत्या. खरे आहे. बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशनच्या बोटी हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ला करत गोव्याकडे जात. बऱ्याच बंदरांत बोट धक्क्याला लागत नसे. पडाव, म्हणजे छोटी होडी, यायचा आणि हलत्या पाण्यात बाईने वरून बाळ द्यायचे, खालच्या खलाशाने ते झेलायचे. पण त्या डेकवर अर्धे गाव असायचे. एकीला बोट लागली तर शेजारची तिचे मूल मांडीवर घ्यायची. तुमच्या केबिनमध्ये दार बंद झाले की तुम्ही दोघेच. दुसरे म्हणजे त्या बायका हौसेने जात नव्हत्या. दुसरी वाटच नव्हती. आणि समुद्राचा अंदाज चुकला की काय होते, हेही त्याच काळाने दाखवले आहे. १७ जुलै १९४७ रोजी ऐन पावसाळ्यात भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. पूर्वी जमत होते म्हणून आज जमेल, हा युक्तिवाद मला पटत नाही. पूर्वी जमत होते ते आजूबाजूच्या हातांमुळे. ते हात आज तू कुठून आणणार, ते सांग.

दादा-वहिनी येणार आहेत, हे तू उत्तर म्हणून देशीलच. मला याचीच काळजी वाटते. चार मोठी माणसे असली की मूल कोणाकडे तरी असेल असे प्रत्येकाला वाटते, आणि शेवटी ते फिरून फिरून सूनबाईकडे नाही तर वहिनींकडे येते. बाकीचे जेवायला वर जातात आणि एक बाई अंधाऱ्या केबिनमध्ये झोपलेल्या बाळाजवळ बसून राहते. संध्याकाळी सातला बाळ झोपले की खोलीतला दिवा मालवावा लागतो, कारण खोली एकच असते. सूनबाई अजून अंगावर पाजते आहे, तिला रात्रीची झोप आधीच तुटपुंजी. तेव्हा तिकीट काढण्याआधी दिवसाचे दोन-दोन तासांचे भाग पाडा आणि प्रत्येक भागापुढे एकेकाचे नाव लिहा. तुझे नाव सूनबाईच्या नावाइतक्याच वेळा आले पाहिजे. वहिनींच्या गुडघ्यांना जिने आणि उंच उंबरे झेपत नाहीत, त्यांच्याकडे फक्त बसून सांभाळण्याची वेळ द्या. ज्याची पाळी आहे त्याच्या हातात मोबाइल नको.

हे मी कडक शब्दांत का लिहिते आहे, तेही सांगते. जुलै २०१९ मध्ये पोर्टो रिकोच्या सान हुआन बंदरात ‘फ्रीडम ऑफ द सीज’ हे जहाज उभे होते. अकराव्या मजल्यावर मुलांच्या खेळाच्या जागेजवळ खिडक्यांची रांग होती. आजोबांनी दीड वर्षांच्या नातीला कठड्यावर उचलून धरले. समोर काच आहे असे वाटल्याचे त्यांनी नंतर सांगितले, पण ती खिडकी उघडी होती. मुलगी त्यांच्या हातून खाली पडली आणि गेली. त्या आजोबांचे नातीवर प्रेम कमी होते असे कोणी म्हणणार नाही. अनोळखी जागा, फसवी काच आणि मुलाला ‘दाखवण्याची’ हौस, एवढे पुरेसे झाले. म्हणून बाल्कनीची केबिन घेऊ नको. बंद खिडकीची घे. समुद्र तेवढाच दिसतो आणि थोरली खुर्ची ओढून वर चढली तरी धोका नाही. कठड्याजवळ मुलाला उचलून फोटो काढायचा नाही, ही अट दादालाही सांग. तुला अवघड वाटत असेल तर मी सांगते.

आता दिवाळी का नको, ते. पावसाळा संपला की समुद्र लगेच निवतो असे नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबर हे अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांचे महिने आहेत. ११ नोव्हेंबर २००९ ला ‘फयान’ आपल्याच किनाऱ्यावर आले होते. तसेच मे महिन्याचे. १७ मे २०२१ ला ‘तौक्ते’ मुंबईजवळून गेले ते तुझ्या आठवणीतले आहे. दरवर्षी वादळ येतेच असे नाही आणि इशारा असताना मोठे जहाज निघतही नाही, पण नुसत्या लाटा उंच असल्या तरी तेवढे पोट ढवळायला पुरे होते. जानेवारी ते मार्च हा आपल्या किनाऱ्यावर शांत काळ. दोन वर्षांखालच्या बाळांना बोट सहसा लागत नाही. त्यापुढच्या मुलांना लागते, म्हणजे त्रास थोरलीला आणि मोठ्यांना होईल. घरात प्रवासासाठी अव्होमिन असतेच. त्यातले प्रोमेथाझिन दोन वर्षांखालच्या मुलाला देऊ नये, श्वास मंदावण्याचा धोका असतो. थोरलीसाठी आणि पाजणाऱ्या आईसाठीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळीला हात लावायचा नाही.

दुसरे कारण लशीचे. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर मिळतो. तोवर धाकटा गोवरापुढे जवळजवळ उघडा आहे, कारण आईकडून आलेले संरक्षण या वयात उतरत जाते. २०२२ च्या अखेरीस गोवंडी भागात गोवराची साथ आली तेव्हा ती लहान मुलांच्या जिवावर कशी उठते हे मुंबईने पाहिले. २०१९ मध्ये कॅरिबियन समुद्रात एक जहाज केवळ एका गोवराच्या रुग्णामुळे अडकवून ठेवावे लागले होते. बंद जागेत हजारो माणसे एकच जिना, एकच कठडा, एकच वाढपाचा चमचा हाताळतात, म्हणून साथ जहाजावर लवकर पसरते. जानेवारी २०२२ मध्ये मुंबईहून गोव्याला गेलेल्या क्रूझवर ६६ जण कोविडबाधित निघाले आणि जहाजाला प्रवाशांसह मुंबईला परतावे लागले. जुलाब-उलट्यांचा नोरोव्हायरस तर जहाजांच्या पाठीच लागलेला असतो, आणि तो दारात ठेवलेल्या सॅनिटायझरला फारसा जुमानत नाही. साबण आणि वाहते पाणी हाच त्यावर इलाज. थोरलीला बुफेच्या टेबलाशी सोडू नका, तिचे ताट मोठ्या माणसाने आणायचे. ओआरएसची पाकिटे, तापाचे औषध, तिचे वजन लिहिलेला कागद आणि लसीकरणाचे कार्ड पिशवीत असू द्या.

जहाजावर डॉक्टर असतो, ही गोष्ट तू फोनवर दोनदा सांगितलीस. असतो, पण बालरोगतज्ज्ञ असेलच असे नाही. बाळाची धाप वाढली किंवा आचके आले तर त्याला प्राथमिक उपचार मिळतील, पुढचे सगळे किनारा किती दूर आहे यावर. आगगाडीचे तसे नाही. मुंबई–मडगाव वंदे भारत जून २०२३ पासून सुरू आहे आणि ती पनवेलला थांबते. मूल आजारी पडले तर रत्नागिरीला उतरून दवाखाना गाठता येतो. भर समुद्रात उतरण्याचे स्टेशन नाही. यावरून क्रूझ करूच नये असे मी म्हणत नाही. तिकीट काढताना हा फरक डोळ्यांपुढे असावा आणि बाळाला सर्दी-ताप असला तर पैसे बुडवून घरी राहण्याची तयारी असावी, इतकेच.

सुरक्षेबाबत एक प्रश्न कंपनीला लेखी विचार: आमच्या बाळाच्या वजनाचे लाइफ जॅकेट किती आहेत आणि ती कुठे मिळतील? आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे २४ तासांहून लांबच्या प्रवासात जहाजावरच्या प्रत्येक तान्ह्या मुलासाठी वेगळे जॅकेट असावे लागते. तान्हे म्हणजे १५ किलोंपेक्षा कमी वजनाचे. तुझी दोन्ही मुले त्यात बसतात. मोठ्यांचे जॅकेट बाळाला घालून काही उपयोग नाही, ते त्यातून निसटते. जहाज सुटण्याच्या सुमारास संकटाच्या वेळी कुठे जमायचे याची तालीम होते. ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ जानेवारी २०१२ मध्ये इटलीजवळ खडकाला लागले तेव्हा त्या दिवशी चढलेल्यांची ती तालीम झालीच नव्हती. ३२ माणसे दगावली आणि नंतर नियम कडक झाले. बाळाची झोपेची वेळ आहे म्हणून ही तालीम चुकवायची नाही. दोन मुले, चार मोठे. कोणी कोणाला उचलायचे ते तिथेच ठरवा.

‘मुलांना काही आठवणार नाही, मग कशाला?’ असे वहिनी म्हणतात म्हणे. हा आक्षेप मला लटका वाटतो. आठवणार नाही हे बरोबर, पण आठवण हाच प्रवासाचा एकमेव हिशेब नसतो. थोरली तास न् तास पाणी बघेल आणि त्या घडीला तिला जो आनंद होईल तो खराच असेल. मात्र मुलांना आठवणार नाही म्हणजे ही सहल मोठ्यांसाठी आहे, हेही मान्य करा, आणि तिच्यासाठी मुलांची झोप, खाणे, औषध यांत तडजोड करायची नाही.

माझे म्हणणे असे की मार्चमध्ये जा. तोवर धाकटा वर्षाचा होईल, त्याची लस झालेली असेल आणि तो मऊ भात, वरण, नाचणीचे सत्त्व खाईल. थोरली तिसऱ्याच्या उंबरठ्यावर असेल. दोन रात्रींची सफर पुरे. केबिनमध्ये शेगडी-किटली बहुतेक जहाजांवर चालत नाही, म्हणून गरम पाणी कुठे मिळेल ते आधी विचारून ठेवा, आणि डायपर लागतील त्याच्या दीडपट घ्या. मुलांच्या जन्मदाखल्यांच्या प्रती आणि बाल आधार जवळ असू दे. त्याआधी डिसेंबरात एकदा भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणाऱ्या रो-रोने सगळे जाऊन या. तासाभराचा प्रवास आहे. कोणाला बोट लागते, थोरली कठड्याकडे किती धावते, पाळीचा कागद टिकतो की पहिल्या अर्ध्या तासात फाटतो, हे त्या तासात कळेल.

पुण्याहून थेट बंदरावर जाऊ नका. आदल्या दिवशी दुपारी कोनला या, मुले इथे झोपू देत. सकाळी पळस्पे फाट्यावर कंटेनरची रांग लागण्याआधी निघालात तर चिर्ल्याहून अटल सेतू, तिथून शिवडी आणि पूर्व मुक्त मार्गाने बॅलार्ड पिअर. बाळाची एक झोप होते तेवढ्यात पोहोचाल. गाडी मी इथे अंगणात ठेवून घेईन.

तिकिटाचे पैसे भरण्याआधी मात्र एक कर. सूनबाईला स्वतःला जायचे आहे का, हे दादा-वहिनींसमोर नाही, एकटीला विचार. ती नाही म्हणाली तर बेत पुढच्या वर्षावर टाक. हो म्हणाली तर पाळ्यांचा कागद तिच्याकडूनच तपासून घे आणि मला पाठव.

तुझी,
आत्या