पंख्याची खरखर: भाचीला पत्र

नांदेड

चि. वैष्णवीस,


परवा फोनवर तू विचारलंस, ‘मामा, कॉम्प्युटरच्या पंख्याची वायरच काढून ठेवली तर चालेल का? त्या खरखरीत गिऱ्हाइकाचं बोलणंही ऐकू येईना.’ अजिबात चालणार नाही. पत्र मुद्दाम लिहितोय, कारण हे फोनवर घाईत सांगायचं काम नाही, आणि शिरड शहापुरात सेवा केंद्र चालवायचं म्हणजे हे तुला स्वतःला यायलाच हवं. प्रत्येक वेळी मशीन उचलून वसमतला न्यायचं म्हटलं तर दुकान दिवसभर बंद.

प्रोसेसरवरचा पंखा थांबला की काही मिनिटांतच उष्णता चढते. शंभर अंशांच्या आसपास पोचला की प्रोसेसर स्वतःहून वेग कमी करतो. तेवढ्यानेही भागलं नाही तर मशीन धाडकन बंद. मधल्या वेळात पान उघडता उघडत नाही, आणि समोर सातबारा घेऊन बसलेल्या शेतकऱ्याला तू सांगतेस, ‘सर्व्हर डाउन आहे.’ बाळा, दर वेळी सर्व्हर डाउन नसतो. तो माणूस मजुरी बुडवून आलेला असतो, म्हणून हे मी मनावर घेऊन सांगतोय.

तर आधी आवाज कशाचा आहे ते ओळख. सकाळी मशीन सुरू केल्यावर पहिली काही मिनिटं खरखर आणि मग शांत, असं होत असेल तर पंख्याच्या बेअरिंगमधलं वंगण सुकलंय. एकसारखी टकटक असेल तर एखादी वायर पात्याला लागते आहे. ती बाजूला करून प्लास्टिकच्या पट्टीने बांधली की झालं. नुसताच घोंघावतो आहे, पण खरखरत नाही, तर पंख्यात दोष नाही. तो बिचारा जोरात पळतोय, कारण खालच्या कूलरच्या पत्र्यांत धूळ बसली आहे किंवा कूलर आणि प्रोसेसर यांच्यामधली पेस्ट वाळली आहे. आणि खात्री करायची असेल तर कॅबिनेट उघडून, मशीन चालू असताना, पंख्याच्या मधल्या गोल भागावर बोट हलकेच टेकवून त्याला क्षणभर थांबव. पात्यांना हात लावू नकोस. तरीही आवाज आलाच तर तो पंख्याचा नव्हे. कटकट हार्ड डिस्कमधून येत असेल, तर बाकी सगळं सोडून आधी बॅकअप घे. लोकांची कागदपत्रं तिच्यात आहेत.

आवाजाचा माग काढण्यावरून आठवलं. तुझ्याच तालुक्यात, औंढ्याजवळ दुधाळ्याला, लायगोचं केंद्र उभं राहतंय. 2023 च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने त्याला सुमारे 2,600 कोटी मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि त्यांतून अवकाशातल्या गुरुत्वीय लहरी टिपायच्या. तिथे जरासा थरथराट झाला तरी मोजणी बिघडते. अमेरिकेत हॅनफर्डला असंच केंद्र आहे. तिथल्या नोंदींत मध्येच टकटक उमटायला लागली. शोधलं तर काय, द्रव नायट्रोजनच्या नळीवर साचलेलं बर्फ तहानलेले डोमकावळे चोचीने टोचत होते! मग नळीवर बर्फच साचणार नाही अशी तजवीज केली. ही गोष्ट मला फार आवडते. एवढे मोठे शास्त्रज्ञ, पण आवाजामागे चालत जाऊन कावळ्यापर्यंत पोचले. तूही तसंच कर.

आता साफसफाई. आपल्याकडे फाल्गुन-चैत्रात हळद शिजवणं, वाळवणं, पॉलिश करणं चालतं, त्याआधी कापूस. ती धूळ आणि ते तंतू पंख्याने आत ओढले की पत्र्यांमध्ये नमद्यासारखा थर बसतो. वरून दिसत नाही, पंखा उचलला की दिसतो. मशीन बंद कर, प्लग काढ, अंगणात ने. ब्लोअर मारताना पाती बोटाने धरून ठेव. मोकळी सोडलीस तर ती भलत्या वेगाने फिरतात आणि बेअरिंग जातं. मऊ ब्रशने उरलेलं काढ.

पंखा-कूलर उपसलास तर जुनी पेस्ट पुसून नवी लावायलाच हवी. मुगाच्या दाण्याएवढी पुरते. इंटेलच्या साध्या कूलरला चार खुंट्या असतात, त्या बाणाच्या दिशेने फिरवल्या की सुटतात, आणि बसवताना समोरासमोरच्या तिरक्या जोडीने दाबायच्या. एएमडीचं जुनं मशीन असेल तर ते आधी थोडा वेळ चालवून कोमट होऊ दे, मग बंद करून कूलर हळू पिळत सोडव. सरळ वर ओढलास तर वाळलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसरच सॉकेटमधून निघून येतो आणि पिना वाकतात.

तेलाचं विचारलं होतंस. काही पंख्यांच्या मागचं स्टिकर उचललं की बेअरिंग दिसतं. तिथे शिलाई मशीनच्या तेलाचे एक-दोन थेंब सोडले की आवाज थांबतो. पण ही उसनवारी आहे. घासून सैल झालेलं बेअरिंग तेलाने भरून येत नाही. नवा पंखा येईपर्यंत काम चालवायला तेल ठीक. खोबरेल मात्र कधीच नको, ते गोठतं आणि धूळ धरतं. आणि खरखर जर पॉवर सप्लायच्या डब्यातल्या पंख्याची निघाली, तर तो डबा तू उघडू नकोस. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये विजेचा जीवघेणा दाब राहू शकतो. तो जाणत्याकडेच द्यायचा किंवा बदलायचा.

नवा घेताना मी बॉल बेअरिंगचा सुचवतो. आवाज किंचित जास्त, पण उन्हाळ्यात, पत्र्याखालच्या दुकानात, पारा बेचाळीसच्या पुढे गेल्यावर तो साध्या बुशवाल्यापेक्षा जास्त टिकतो. कॅबिनेटच्या पंख्याची दिशा चुकवू नकोस: ज्या बाजूला स्टिकर आणि आडव्या दांड्या असतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते. मदरबोर्डवर चार पिनांची जागा असेल तर चार पिनांचाच घेऊ. चौथ्या पिनेमुळे वेग गरजेपुरता कमी-जास्त होतो, सारखा घोंघावत नाही.

खरखर कॅबिनेटच्या पंख्याची निघाली तर रविवारी तो काढून स्क्रूच्या दोन शेजारच्या भोकांमधलं अंतर पट्टीने मोज. 105 मिलिमीटर भरलं तर 120 चा पंखा, 82.5 भरलं तर 92 चा, 71.5 तर 80 चा. प्रोसेसरवरचा निघाला तर मदरबोर्डचं नाव कळव. दोन्ही वेळा पिनेच्या जागेचा फोटो व्हॉट्सअॅपवर टाक. मी इथून पंखा आणि पेस्टची नळी घेऊन तिकडे येणाऱ्या कुणाबरोबर पाठवतो. बसवशील मात्र तूच, मी फोनवर असेन.

ताईला आणि दाजींना नमस्कार.

तुझा,
मामा