एपीआयने स्टॉक बघताय? आधी पानं मोजा

दिवाळीची ऑर्डर द्यायच्या आधी वूकॉमर्सच्या एपीआयकडून संपलेल्या मालाची यादी मागवताय ना? 'स्टॉक स्टेटस'ला 'आउट ऑफ स्टॉक' टाकलं की यादी येते, पण फक्त १० वस्तूंची! संपल्यात ३४० आणि तुम्ही मागवणार १०. तेव्हा 'पर पेज' १०० करा. त्याच्या वर जात नाही. मग पान २, ३, ४ मागत राहा. एकूण पानं किती, ते उत्तराच्या हेडरमध्येच लिहिलेलं असतं. ते कुणी बघतच नाही.

आणि हो, की बनवताना परवानगी 'रीड'च ठेवा. यादी बघायला 'राइट' कशाला? तशी की दुसऱ्याच्या हाती लागली, तर तो तुमचे भावसुद्धा बदलू शकतो.